गाडी खाली बसवली, पण चाकं मोजली का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उंची कमी करून खाली बसवलेल्या, चाकं आत झुकवलेल्या गाड्यांवरच्या कारवाईच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. दंड किती झाला, सायलेन्सर किती काढून घेतले, हे त्यात असतं. गाडी खाली घेतल्यावर तिच्या चाकांचं नेमकं काय होतं, हे मात्र कुणी लिहीत नाही. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात व्हील अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन मोजून जुळवून देण्याचं, गॅरेज चालवते. आधी माझे पती बघायचे, त्यांच्या माघारी मी आणि आमचे मेस्त्री मिळून बघतो. खाली घेतलेल्या गाड्या आमच्याकडं सतत येतात आणि त्यातल्या कित्येक गाड्यांचे टायर बघून जीव धास्तावतो. म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे, पण जागा असेल तर पूर्ण छापावं.

कायद्याचं आधी सांगते. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२ अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण मिळतं ते वेगळंच. त्यामुळं रस्त्यावरच्या गाडीला कंपनीचीच उंची ठेवा, हा माझा पहिला सल्ला असतो आणि तो मी दारात येणाऱ्या प्रत्येकाला देते.

पण ज्यानं गाडी आधीच खाली घेतली आहे आणि जो मोजून घ्यायला माझ्याकडं आला आहे, त्याला हाकलून देणं मला पटत नाही. तो परत जाणार, त्याच चाकांवर रविवारी पन्हाळ्याला नाहीतर करूळच्या घाटातून कोकणात उतरणार, आणि मागच्या सीटवर त्याची आई, बहीण असणार. आणि आपल्या गावात शर्यतीचा खराखुरा नाद आहे. इथं गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, इथली पोरं देशपातळीवर शर्यती मारून आली आहेत. ट्रॅकवरच्या गाडीची उंची कमी करणं, कॅम्बर वाढवणं ही रीतसर विद्या आहे. रस्त्यावरची पोरं त्या विद्येतलं दिसणं तेवढं उचलतात आणि मोजणं सोडून देतात, हे माझं दुखणं आहे.

कॅम्बर म्हणजे गाडीसमोर उभं राहून पाहिलं तर चाक सरळ उभं आहे की झुकलेलं, ते. वरची बाजू आत असेल तर उणे, बाहेर असेल तर अधिक. शर्यतीत उणे कॅम्बर दोन-तीन अंशांपर्यंत देतात, त्याचं कारण साधं आहे. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते आणि त्या बाजूचं चाकही तिच्याबरोबर बाहेर कलू लागतं. आधीच आत झुकवून ठेवलेलं चाक नेमक्या त्या वेळी रस्त्यावर सपाट बसतं. सगळी पकड तिथं मिळते. पण आपण कावळा नाक्यावरून महामार्गानं कागलकडं निघालो, तर रस्ता बहुतेक सरळ. सरळ रस्त्यावर तेच चाक आतल्या कडेवर धावतं. टायरची अर्धी रुंदी नुसती मिरवायला राहते. ब्रेक मारल्यावर पकड कमी, पावसात तर आणखी कमी. साध्या छोट्या गाडीला कंपनी पुढच्या चाकाला शून्य ते उणे अर्ध्या अंशाच्या आसपास कॅम्बर देते, ते याच हिशेबानं.

एक अंश हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. चौदा इंची चाकाच्या रिमची वरची कड आणि खालची कड यांत एका अंशाला साधारण साडेसहा मिलिमीटर फरक पडतो. म्हणजे आपल्या भाषेत दोन सूत. उद्यमनगरात लेथवर उभा असलेल्या माणसाला दोन सूत चुकलेला जॉब दाखवा, तो हातात धरणार नाही. म्हादबा मेस्त्रींसारख्या यंत्रकारागिराचं नाव अभिमानानं घेणारं हे गाव. आणि याच गावात पोरं गाडीचं चाक डोळ्यांनी बघून "बास, झुकलंय" म्हणतात.

हे घरीही मोजता येतं आणि मी ते मुद्दाम सांगते, कारण एकदा मोजलं की माणूस विचार करायला लागतो. गवंड्याचा ओळंबा घ्या. गाडी सपाट जागी उभी करा. सपाट म्हणजे खरोखर सपाट, अंगणातल्या उतारावर नाही. ओळंब्याची दोरी चाकाच्या मधून, टायरला न लागता सोडा आणि दोरीपासून रिमच्या वरच्या कडेचं व खालच्या कडेचं अंतर मोजा. टायरपासून मोजू नका, त्याचं पोट खाली फुगलेलं असतं. वरचं अंतर जास्त भरलं तर कॅम्बर उणे. चौदाच्या रिमला दोन सूत म्हणजे एक अंश, चार सूत म्हणजे दोन. दोन्ही बाजूंना मोजा. दोन्हीकडं अर्ध्या अंशापेक्षा जास्त तफावत असेल तर गाडी एका बाजूला ओढत असणार, आणि मालक बहुधा स्टिअरिंग किंचित वाकडं धरायला सरावलेला असतो. आपल्या रस्त्यांना पाणी वाहून जायला मधून कडेला उतार असतो, म्हणून नीट गाडीही जराशी डावीकडं जाते. तेवढं धरून चाला.

आता उंचीबद्दल. उंची जमिनीपासून मोजायची नाही. टायरमध्ये हवा कमी-जास्त असेल, टायर झिजलेला असेल, तर तो आकडा फसवतो. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर मोजायचं. चारही चाकांना. त्याआधी हवा बरोबर, टाकीत निम्मं पेट्रोल, डिकी रिकामी, आणि चालवणाऱ्याच्या सीटवर त्याच्या वजनाचं काहीतरी ठेवायचं. आम्ही वाळूचं पोतं ठेवतो. जॅक काढल्या काढल्या मोजलं तर आकडा हमखास जास्त येतो, कारण जॅकवर चाकं लोंबकळून आत आलेली असतात आणि खाली टेकली की टायर रस्त्याला चिकटून तशीच अडकतात. गाडी मागं-पुढं ढकलायची, दोन्ही टोकं चार वेळा दाबून सोडायची, मग टेप लावायचा. हे न करता "भावा, चाळीस एमएम खाली घेतली" असं सांगणारे खूप भेटतात. मोजलं की एका बाजूला पस्तीस निघतं, दुसऱ्या बाजूला पन्नास.

उंची पाना लावून कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर (शॉकअपवरच स्प्रिंग बसवलेले सेट) ज्यांनी बसवले आहेत, त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे. एका कोपऱ्याची रिंग फिरवली की फक्त त्याच कोपऱ्याची उंची बदलते असं नाही, चारही चाकांवरचं वजन बदलतं. खाटेचा एक पाय लांब झाला की भार त्याच्यावर आणि तिरक्या समोरच्या पायावर जातो, उरलेले दोन हलके होतात. तसंच गाडीचं होतं. पुढचं डावं वर चढवलं की मागच्या उजव्यावरही भार वाढतो. मग ब्रेक मारला की हलकं झालेलं चाक आधी लॉक होतं. डोळ्यांना गाडी सरळ दिसते, पण चाकांवर ती सरळ नसते. शिवाय स्वस्तातल्या बऱ्याच कॉइलओव्हरमध्ये उंची कमी करायचा एकच मार्ग असतो, स्प्रिंगची खालची ताटली खाली घ्यायची. उंची कमी होते, पण शॉकअपची दांडी तेवढीच आत जाऊन बसते आणि खड्ड्यात दबायला जागा उरत नाही. चांगल्या सेटला खालचा कंस वेगळा फिरतो, त्यामुळं दांडीची जागा शाबूत राहते. घेताना हे विचारा. रंग कुठला आहे ते नंतर विचारा.

आणि ज्यांच्याकडं तेवढे पैसे नाहीत ते स्प्रिंग कापतात. याबद्दल मला अगदी स्पष्ट लिहायचं आहे. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या कामाच्या वेटोळ्यांवर ठरतो. सहा वेटोळ्यांतला एक कापला तर ती साधारण वीस टक्के कडक होते. शॉकअप मात्र जुन्या, मऊ स्प्रिंगसाठी बनवलेला. त्याला ती आवरत नाही, गाडी उसळत राहते. दबायची जागा कमी झालेली असते, म्हणून प्रत्येक खड्ड्यात शॉकअप रबरी टोकावर आपटतो. महिन्याभरात तेल सुटतं. कापलेलं टोक ताटलीत नीट बसत नाही. गतिरोधकावरून वेगात गेल्यावर चाक क्षणभर खाली लोंबलं की तोकडी स्प्रिंग सैल पडते, आणि परत दबताना ती जागेवर येईलच याची खात्री नाही. काही जण कापायचेही कष्ट घेत नाहीत, गॅसकटरनं तापवून बसवतात. उद्यमनगरात हीट ट्रीटमेंट म्हणजे काय हे कुणाला शिकवायची गरज नाही. स्प्रिंगचं पाणी उतरलं की ती स्प्रिंग राहत नाही, नुसती सळई राहते. कापलेली किंवा तापवलेली स्प्रिंग असेल तर आम्ही अलाइनमेंट करत नाही. आधी स्प्रिंगा बदलून या म्हणतो. गिऱ्हाईक रागावतं, दुसरीकडं जातं. जाऊ दे.

आता ज्या गोष्टीनं टायर सगळ्यात जास्त मरतात ती. सगळे कॅम्बरला दोष देतात, पण बहुतेक वेळा खरा गुन्हेगार टो असतो. वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची तोंडं समोर एकमेकांकडं आहेत की बाहेर फाकलेली, तो टो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढं एक खालचा आर्म (चाकाला खालून धरणारा आडवा दांडा), एक टाय रॉड (स्टिअरिंगनं चाक वळवणारी दांडी) आणि वर स्ट्रट (स्प्रिंग-शॉकअपचा उभा खांब) असतो. गाडी खाली आली की आर्म आणि टाय रॉड दोघांचीही बाहेरची टोकं वर जातात, पण दोघांची लांबी आणि कोन सारखे नसतात. त्यामुळं चाक वळतं. माझ्याकडं येणाऱ्या अशा गाड्यांत ते बहुतेक वेळा बाहेर फाकलेलं असतं. गाडी फक्त खाली घेतली, बाकी कशाला हात लावला नाही, तरी टो बदलतो. आणि कुणी नंतर कॅम्बर हलवला तर तो पुन्हा बदलतो.

दोन्ही चाकं मिळून टो तीन मिलिमीटर बाहेर असेल, म्हणजे जेमतेम एक सूत, तर प्रत्येक चाक किलोमीटरमागं जवळपास चार मीटर आडवं घासत जातं. पुण्याला जाऊन येईपर्यंत पावणेदोन किलोमीटरच्या आसपास आडवं. आणि चाक आधीच आत झुकलेलं असेल तर ते सगळं घासणं आतल्या कडेच्या दोन बोटांच्या पट्टीवर होतं. म्हणून दीड अंश झुकलेलं चाक टो नीट असेल तर बऱ्यापैकी टिकतं, आणि एक अंश झुकलेलं, पण टो बिघडलेलं चाक बघता बघता तारा दाखवतं.

असाच एक मुलगा उचगावकडून आला होता. गाडी चार महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये खाली घेतलेली. "काकी, नुसतं कंप्युटर मारून द्या, उद्या घरच्यांना घेऊन गणपतीपुळ्याला जायचंय" म्हणाला. बाहेरून टायर नव्यासारखे, नक्षी सगळी शाबूत. आमच्या मेस्त्रीनं गाडी लिफ्टवर घेतली आणि मला हाक मारली. आतल्या कडेला बोट लावलं तर पोलादी तार टोचली. दोन्ही पुढच्या चाकांना. उभ्या गाडीत ती कड दिसतच नाही, वाकून चाकाच्या मागं हात घालावा लागतो. त्याच्या वडिलांनी आदल्या दिवशी हवा भरली होती, त्यांनाही दिसलं नव्हतं. आंबा घाट उतरताना तो टायर फुटला असता तर काय झालं असतं, हे मी त्या मुलाला सांगितलं नाही, त्याच्या चेहऱ्यावरच दिसलं. दोन टायर बदलले, टो लावला, आणि पुढच्या आठवड्यात तो कंपनीच्या स्प्रिंगा घेऊन परत आला.

घाटाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक समज दूर करते. गाडी खाली घेतली की वळणावर ती कमी झुकेल, असं पोरांना वाटतं. स्ट्रटच्या गाडीत तसं होईलच असं नाही. गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू खालच्या आर्मच्या कोनावर ठरतो. आर्मचं बाहेरचं टोक वर गेलं की तो बिंदू गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त झपाट्यानं खाली उतरतो. दोघांतलं अंतर वाढतं, आणि त्याच स्प्रिंगवर गाडी उलट जास्त कलते. त्यातच आर्म एका मर्यादेपलीकडं वर गेला, स्ट्रटच्या रेषेशी काटकोन करून पुढं सरकला, की दबताना मिळणारा उणे कॅम्बर उलटा फिरून कमी व्हायला लागतो. म्हणजे जिथं पकड हवी तिथंच ती हातातून सुटते. शर्यतीच्या गाड्यांत याच्यासाठी बॉल जॉइंटची, म्हणजे आर्मच्या टोकाच्या गोल सांध्याची, पिन लांब करतात, टाय रॉडचं टोक खाली घेतात, हिशेब करून. गल्लीत खाली घेतलेल्या गाडीत हे कुणी करत नाही. वीस-पंचवीस मिलिमीटरपर्यंत हा बिघाड आटोक्यात राहतो. पन्नासला गेलं की गाडी बिघडली, मग कितीही महाग टायर लावा.

आणि आपला जिल्हा उसाचा. गळीत हंगामात ट्रॉल्यांनी रस्त्याला चाकोऱ्या पडतात. रुंद टायर आणि जास्त झुकलेलं चाक असलेली गाडी अशी चाकोरी धरली की सोडत नाही, स्टिअरिंग हातातून ओढून घेते. समोरून ट्रॉली येत असताना हे होणं किती वाईट, ते आपल्याकडं सांगायला नको.

उंचीचा हिशेबही एकदा करून बघा. बहुतेक छोट्या गाड्यांना १६० ते १७० मिलिमीटर मोकळीक असते. चाळीस खाली घेतली की उरली सव्वाशे. चार माणसं बसली की आणखी तीस-चाळीस गेली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर हवा. असे गतिरोधक आपल्याकडं किती आहेत, हे प्रत्येकानं आपापल्या गल्लीत मोजून बघावं. अरुंद आणि उंच उंचवट्यावर आधी चेंबर, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, घासतो. तो फुटला की तेल गेलं, तेल गेलं की इंजिन गेलं. गतिरोधक मानकाप्रमाणे व्हावेत ही मागणी रास्तच आहे, माझीही आहे. पण तसं होईपर्यंत गाडी याच रस्त्यावरून जाणार आहे.

कॅम्बर सुधारायचा कसा, हेही लिहिते, कारण इथं जीवावर बेतणारे उद्योग चालतात. बहुतेक छोट्या गाड्यांना कंपनीकडून पुढं फक्त टो फिरवायची सोय असते. कॅम्बरला सोयच नसते. म्हणूनच "कंप्युटर मारला" की टो हिरवा, म्हणजे मापात, होतो आणि कॅम्बर लाल, म्हणजे मापाबाहेर, तसाच ठेवून गाडी सोडतात. स्क्रीनवरचा तो लाल आकडा गिऱ्हाइकाला कुणी दाखवत नाही. सुधारायचा तर स्ट्रटच्या खालच्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी एका बाजूला फुगीर असलेला कॅम्बर बोल्ट घालतात. तो फिरवला की एक ते दीड अंश हलवता येतो. तो त्याच गाडीसाठीचा, योग्य मापाचा हवा, आणि टॉर्क पान्यानं कंपनीच्या मापाएवढा कसलेला हवा, कारण तिथं सगळी मदार कसण्यानं होणाऱ्या घट्ट पकडीवर आहे. कमी कसला तर एका खड्ड्यात घसरतो आणि कॅम्बर बदलतो. ग्राइंडरनं स्ट्रटचं भोक लांबवून चाक ढकलणं हा प्रकार मी पाहिला आहे. तसं करू नका. करून देणाऱ्यालाही माझी कळकळीची विनंती आहे, करू नका. मागं बहुतेक गाड्यांना आडवा बीम असतो, त्याला काही फिरवता येत नाही. पाचरीच्या पातळ पट्ट्या घालतात तेवढंच. बीम तापवून वाकवू नये.

कामाचा क्रम चुकला तर सगळी मेहनत फुकट जाते. आधी बॉल जॉइंट, टाय रॉडचं टोक, बेअरिंग, बुश यांची ढील तपासायची. ढिल्या गाडीची अलाइनमेंट दाराबाहेर पडेपर्यंतही टिकत नाही. मग उंची. उंची ठरल्याशिवाय पुढं जायचं नाही. नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात, म्हणून काहीशे किलोमीटर चालवून पुन्हा मोजायची. मग मागची चाकं बघायची, मग पुढचा कास्टर (बाजूनं पाहिल्यावर चाक वळण्याच्या अक्षाचा पुढं-मागं कल), मग कॅम्बर, आणि टो सगळ्यात शेवटी, स्टिअरिंग सरळ बांधून.

एक बारीक गोष्ट राहते आणि ती जवळजवळ कुणीच करत नाही. खालच्या आर्मचे रबरी बुश दोन पोलादी नळ्यांना चिकटवलेले असतात. आर्म हलतो तेव्हा ते रबर पिळलं जातं. उंची बदलल्यावर ते बोल्ट ढिले करून, गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा कसायचे असतात. लिफ्टवर चाकं लोंबत असताना कसले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी थोडी वर धरली जाते, उंचीचा आकडा खोटा येतो, आणि काही महिन्यांत बुश फाटतो. मग ढील, मग टो बिघडला, मग पुन्हा टायर. खड्डा किंवा प्लॅटफॉर्मची सोय असेल तर हे काम फार वेळाचं नाही. करायचं मनात हवं. आणि उंची बदलली की हेडलाइटचा झोतही बदलतो. फक्त पुढं खाली घेतली तर प्रकाश पायाजवळ पडतो, मागं खाली घेतली तर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तो पाच मिनिटांत लावून मिळतो, मागून घ्या.

माझ्या व्यवसायातल्या भावांना एक सांगणं आहे. गाडी खाली घेऊन देत असाल, तर आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही कागद गिऱ्हाइकाच्या हातात द्या. चारही चाकांची उंची त्यावर पेनानं लिहा. लाल आकडा असेल तर त्याला बोट लावून दाखवा. कायद्याची कल्पना द्या. गिऱ्हाईक जाईल ही भीती मला ठाऊक आहे, दुकान मीही चालवते. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचं शिक्षण घेणाऱ्या मुलांकडून ओळंबा, दोरी आणि टेप घेऊन एकदा तरी हाताने अलाइनमेंट करून घ्यावी, असंही मला फार वाटतं. मशीन येण्याआधी माझे पती तसंच करायचे, आणि आजही मशीनच्या आकड्याबद्दल शंका आली की आमचे मेस्त्री दोरीच काढतात.

गाड्यांच्या मालकांनी, आणि विशेषतः ज्यांच्या घरातलं पोरगं गाडी खाली घेऊन आलं आहे त्या आईवडिलांनी, एवढं करावं. आज संध्याकाळी गाडी थंड असताना स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे पुढच्या चाकाची आतली कड बाहेर दिसेल. जुना रुमाल घेऊन त्या कडेवरून फिरवा. रुमाल धागा धरत असेल, कड बोटाला करवतीसारखी लागत असेल, किंवा नक्षी संपून गुळगुळीत झाली असेल, तर ती गाडी घाटात नेऊ नका. आणि टायर बदलायला टाकले तर जुने टायर तिथंच सोडून येऊ नका. कुठला डावा, कुठला उजवा, आतली बाजू कुठली, हे खडूनं त्यांच्यावर लिहा आणि अलाइनमेंटवाल्याकडं घेऊन जा. गाडीचं काय बिघडलं आहे, हे त्याला मशीन लावायच्या आधी त्या टायरवरून कळेल.

आपली,
एक वाचक, व्हील अलाइनमेंट व्यावसायिक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
(नाव छापू नये, ही विनंती.)